खेळाडूची निवड आणि चारित्र्याचा तराजू

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्यात बहुधा 'चांगली' एवढा एकच शब्द लिहिलेला असतो. वर्गात पहिल्या आलेल्याचीही चांगली आणि खिडकीच्या काचा फोडणाऱ्याचीही चांगली. पुढे नोकरीला लागताना चारित्र्याचा दाखला निराळा लागतो. तो कोणा प्रतिष्ठिताच्या सहीने मिळवावा लागतो. आमच्या पिढीने या सह्यांसाठी पुष्कळ उंबरठे झिजवले. ज्यांनी आमचे घर कधी पाहिले नाही, त्यांनी आमचे चारित्र्य चांगले असल्याचे लिहून दिले. त्यामुळे माणसाचे चारित्र्य कागदावर कसे मोजतात याचे आम्हाला पहिल्यापासून कुतूहल आहे, आणि थोडी शंकाही आहे.

ही शंका पुन्हा जागी झाली ती २०१६ च्या एप्रिल महिन्यात, आणि तीही अमेरिकेत. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता कॅन्सस सिटी शहराजवळ तिच्या घरी गेलो होतो. जावईबापू संगणकाच्या नोकरीत. त्यांना तिथल्या फुटबॉलचा नाद लागलेला. हा फुटबॉल आपण समजतो तो नव्हे. चेंडू अंडाकृती, तो हातात घेऊन पळायचे, फेकायचा, झेलायचा आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे. आम्हाला तो खेळ पाहताना आपल्या कबड्डीतली पकड आठवली.

त्या देशात ३२ व्यावसायिक संघ आहेत. महाविद्यालयात खेळून तयार झालेल्या मुलांची ते दरवर्षी एप्रिल महिन्यात वाटणी करतात. त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. ही पद्धत १९३६ सालापासून चालू आहे. मागच्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याला पहिली निवड, विजेत्याला शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. मुलाला संघ निवडता येत नाही, संघ मुलाला निवडतो. जो वर निवडला जाईल त्याला जास्त पैसा, जो खाली घसरेल त्याला कमी. एखाददुसऱ्या तासात गरीब घरातल्या मुलाचे नशीब पालटते.

निवडीपूर्वी या मुलांची जी तपासणी होते ती ऐकून आम्ही थक्क झालो. इंडियानापोलिस शहरात त्यांना एकत्र जमवतात. ४० यार्ड किती सेकंदांत पळतो, उभ्या जागी किती उंच उडी मारतो, २२५ पौंडांचे वजन किती वेळा उचलतो, सगळे मोजतात. डॉक्टर सांधे न् सांधा चाचपून पाहतात. पुष्कळ वर्षे ५० प्रश्नांची १२ मिनिटांची बुद्धीची परीक्षाही घेत असत. ती २०२२ मध्ये बंद झाली. याखेरीज प्रत्येक संघ मुलाच्या गावी, शाळेत, ओळखीपाळखीत माणसे पाठवून चौकशी करतो. हा पितो का, कोणाशी भांडला का, पोलिसांत नाव आहे का, वडील कोण, आई काय करते. या सगळ्याला तिथे एकच नाव आहे : चारित्र्य.

त्या वर्षीची पहिली फेरी गुरुवारी २८ एप्रिलला शिकागो येथे झाली. लॅरेमी टन्सिल नावाचा मिसिसिपीतल्या विद्यापीठाचा धिप्पाड मुलगा अगदी वरच्या क्रमांकात जाईल असे जाणकार सांगत होते. फेरी सुरू व्हायला काही मिनिटे उरली असताना कोणीतरी त्याच्याच खात्यावरून एक चित्रफीत जगभर पसरवली. त्यात तो तोंडावर मुखवटा लावून गांजाचा धूर ओढताना दिसत होता. चित्रफीत जुनी होती, खाते दुसऱ्याने घुसून वापरले होते. पण संघ बिचकले. एकेक नाव पुकारले जात होते आणि हा पोरगा नव्या कोटात बसून राहिला होता. अखेर १३ व्या क्रमांकावर मायामीने त्याला घेतले. त्या घसरणीत त्याचे सुमारे ७०-८० लाख डॉलर गेले असावेत असा हिशेब लोकांनी मांडला.

दोन दिवसांनी, शनिवारी, आमच्या लेकीच्या शहराच्याच संघाने, कॅन्सस सिटी चीफ्सने, पाचव्या फेरीत १६५ व्या क्रमांकावर टायरीक हिल या मुलाला घेतले. हा वाऱ्यासारखा पळणारा. पण त्याने आपल्या गरोदर मैत्रिणीला मारहाण करून तिचा गळा दाबल्याच्या गुन्ह्याची कबुली २०१५ मध्ये न्यायालयात दिली होती. त्याला तुरुंगाऐवजी तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली होती आणि आधीच्या विद्यापीठाने त्याला काढून टाकले होते. शहरात गदारोळ उठला. संघाचे प्रशिक्षक अँडी रीड आणि व्यवस्थापक जॉन डॉर्सी यांनी आम्ही पुरती चौकशी केली आहे, असे लोकांना सांगितले.

लेकीच्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ राहतात. ते या संघाचे जुने भक्त. संध्याकाळी बाळाला घेऊन बाहेर बसलो की ते येऊन गप्पा मारीत, जावईबापू मराठीत सांगत. त्या शनिवारी ते म्हणाले, "आमच्या पोरांना या देशात दुसरी संधी सहजासहजी मिळत नाही, म्हणून एखाद्याला मिळाली की मला बरे वाटते." त्यांची पत्नी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आणि ज्या पोरीचा गळा दाबला, तीही आमचीच पोर ना?" गृहस्थ गप्प झाले. त्या बाईंनी त्यानंतर चीफ्सचा सामना पाहणे सोडले.

वाचकहो, आम्ही परत आलो, पण हे दोन प्रश्न आमच्याबरोबर आले. दोन्ही खरे आहेत. एक खरा मानून दुसरा झटकून टाकावा असे मन होत नाही. पुढे जावईबापूंना विचारून, मिळेल ते वाचून आम्ही या विषयाची थोडी माहिती केली. तेव्हा असे दिसले की 'चारित्र्य' या एका शब्दाच्या पोत्यात तीन निरनिराळी धान्ये एकत्र भरलेली आहेत. ती आधी पाखडून वेगळी केली पाहिजेत.

पहिले धान्य अफवेचे आणि जन्माचे. १९८३ साली डॅन मारिनो हा चेंडूफेक करणारा मुलगा अमली पदार्थ घेतो अशी कुजबूज झाली. कोणी काही सिद्ध केले नाही. तरी त्याच्या जागेवर खेळणारे पाच जण आधी निवडले गेले आणि हा २७ व्या क्रमांकावर गेला. खेळातून निवृत्त झाला तेव्हा सर्वाधिक यार्डांची चेंडूफेक त्याच्या नावावर होती. ही नुसती अफवा. पण २०१० मध्ये त्याहून वाईट घडले. डेझ ब्रायंट या कृष्णवर्णीय मुलाची मुलाखत घेताना मायामीचे व्यवस्थापक जेफ आयर्लंड यांनी त्याला विचारले, तुझी आई वेश्या होती काय? पुढे बातमी फुटल्यावर त्यांनी माफी मागितली. या प्रश्नाच्या उत्तरावरून मुलाला चेंडू झेलता येतो की नाही हे कळणार होते काय? त्याचे स्वतःचे वागणे तरी कळणार होते काय? जिथे खेळाडूंत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आणि मालक जवळजवळ सगळे गोरे, तिथे असा प्रश्न सुचतो याचे आपल्या वाचकांना नवल वाटणार नाही. कोणत्या घरात जन्मलास, आई कोण, वस्ती कोणती, यावरून माणसाची लायकी ठरवण्याचे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. हे धान्य मुळी चारित्र्याचे नाहीच. ते पाखडून फेकून द्यावे.

दुसरे धान्य नियम मोडल्याचे, पोरसवदा वयातल्या उनाडपणाचे. टन्सिलचा गांजा यात येतो. २०१६ मध्ये ज्या गोष्टीने त्याचे एवढे नुकसान केले, तिच्यासाठी २०२० च्या करारानंतर नुसती चाचणी सदोष आली म्हणून त्या लीगमध्ये कोणाला सामन्यांतून निलंबित करीत नाहीत. म्हणजे चार वर्षांत चारित्र्याची व्याख्याच बदलली! त्याच २०२० साली टन्सिलला ह्यूस्टन संघाने तीन वर्षांसाठी ६ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिला. व्यसन चांगले असे आम्ही म्हणत नाही. व्यसनाने घरे बसलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. पण व्यसन हा आधी आजार आहे, त्यात माणूस प्रथम स्वतःला बुडवतो. त्याला तराजूत टाकण्याआधी आधार दिला पाहिजे.

रँडी मॉसची गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या धान्याच्या मधली आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या रँड या लहान गावचा हा मुलगा. १९९५ मध्ये शाळेतल्या एका मारामारीत त्याने एका मुलाला लाथा घातल्या. त्याला शिक्षा झाली आणि नोत्र दामसारख्या नामांकित विद्यापीठाचे दार बंद झाले. दुसऱ्या विद्यापीठात गेला, तिथे गांजा ओढल्याचे सापडले, तेही गेले. अखेर मार्शल या लहान विद्यापीठातून तो खेळला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या तोडीचा झेल घेणारा दुसरा नव्हता, तरी २० निवडी होऊन गेल्या तेव्हा कुठे मिनेसोटाने त्याला घेतले. डॅलस संघाने आठव्या क्रमांकावर त्याला सोडून दुसरा घेतला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॅलसविरुद्ध मॉसने तीन झेल घेतले आणि तिन्हींवर टचडाऊन केले. पुढेही त्याच्या तक्रारी अधूनमधून झाल्याच. २००२ मध्ये वाहतूक नियंत्रण करणाऱ्या एका महिलेला गाडीने ढकलत नेल्याचे प्रकरण घडले. पण तो सुधारणारच नाही असे जे लिहून ठेवले होते ते खोटे ठरले. २०१८ मध्ये त्याला त्या खेळाच्या सन्मान दालनात मानाचे स्थान मिळाले.

गंमत अशी की त्याच १९९८ साली दुसऱ्या क्रमांकावर रायन लीफ हा मुलगा निवडला गेला. त्याच्यावर पोलिसांचा कसलाच डाग नव्हता. खेळात तो सपशेल अपयशी ठरला. २१ सामने सुरुवातीपासून खेळला, त्यांतले चार जिंकले. नंतर वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन जडून चोरीपर्यंत मजल गेली आणि २०१२ मध्ये तो तुरुंगात पडला. २०१४ च्या अखेरीस सुटल्यावर व्यसन सोडून तो आता इतरांना त्याविषयी सांगत फिरतो. म्हणजे ज्याचा दाखला कोरा होता तो घसरला, आणि घसरल्यावर पुन्हा उभा राहिला. माणूस हे चालते पाणी आहे. विसाव्या वर्षी घेतलेल्या मापावरून चाळिसाव्या वर्षीची खोली सांगता येत नाही.

आता तिसरे धान्य. दुसऱ्याच्या अंगावर हात टाकल्याचे. हे आम्ही पहिल्या दोहोंत मिसळू देणार नाही.

लॉरेन्स फिलिप्स हा कॅलिफोर्नियातला मुलगा, अनाथासारखा दुसऱ्यांच्या आश्रयाने वाढलेला. नेब्रास्का विद्यापीठाचा सर्वांत बलवान धावपटू. १९९५ च्या सप्टेंबरात त्याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला जबर मारहाण केली. सहा सामने बाहेर बसवून त्याला परत घेण्यात आले. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांचे म्हणणे असे की खेळाची शिस्त हाच या मुलाचा एकमेव आधार आहे, तो काढला तर तो संपेल. त्यांच्या बोलण्यात माया असेल, आम्ही नाकारत नाही. पण जानेवारी १९९६ मध्ये अजिंक्यपदाचा सामना होता, त्यात फिलिप्सने १६५ यार्ड धाव घेतली आणि नेब्रास्काने ६२-२४ ने विजय मिळवला, हेही खरे. एप्रिलमध्ये सेंट लुईस संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले आणि आपला जेरोम बेटिस नावाचा भरवशाचा खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकला. दीड वर्षात फिलिप्सला काढून टाकावे लागले. बेटिस पुढे सन्मान दालनात गेला. फिलिप्सच्या हातून गुन्ह्यांमागून गुन्हे घडत गेले आणि जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या तुरुंगात त्याचा अंत झाला. त्याला संधी पुष्कळ मिळाल्या. पण प्रत्येक संधी त्याच्या पायांना मिळाली. त्याच्या मनातल्या आगीवर पाणी घालायला पुरेसे दिवस कोणी थांबले नाही, कारण पुढच्या शनिवारी सामना होता.

२०१४ मध्ये जो मिक्सन नावाच्या विद्यार्थी खेळाडूने एका मुलीच्या तोंडावर ठोसा मारून तिच्या चेहऱ्याची हाडे मोडली. विद्यापीठाने एक हंगाम बाहेर बसवले. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना इंडियानापोलिसच्या तपासणीला बोलावायचे नाही असा नियम २०१६ मध्ये झाला होता, त्यामुळे २०१७ मध्ये त्याला बोलावणे गेले नाही. तरी सिनसिनाटी संघाने त्याला दुसऱ्याच फेरीत घेतले. दार पुढून बंद, मागून उघडे!

टायरीक हिलचे काय झाले? २ फेब्रुवारी २०२० रोजी चीफ्स संघाने ५० वर्षांनी अजिंक्यपद जिंकले. सामना हातातून निसटत असताना ४४ यार्डांचा जो झेल घेऊन बाजी पलटली तो हिलचाच. शहर रस्त्यावर उतरले. जावईबापूंनी फोनवर सांगितले की शेजारच्या बाईंनी तो सामनाही पाहिला नाही, त्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या. संघाचा हिशेब बरोबर ठरला असे लोक म्हणतात. कोणता हिशेब? पाचव्या फेरीतला स्वस्त खेळाडू आणि त्याच्याकडून अजिंक्यपद, एवढाच. त्या हिशेबाच्या वहीत त्या मुलीचे पान कुठेच नाही. आमचे दुखणे तिथे आहे. संघ ज्याला चारित्र्याची चिंता म्हणतात ती बहुतेक वेळा आपले पैसे बुडण्याची चिंता असते. हा निलंबित झाला तर किती सामने जातील, वर्तमानपत्रे काय लिहितील, तिकिटे खपतील की नाही. तसे नसते तर गांजा ओढणाऱ्याचा आणि गळा दाबणाऱ्याचा भाव एकाच तराजूत, एकाच वजनाने ठरला नसता. आणि तो पळण्यात जितका वेगवान तितका गुन्हा हलका, असेही झाले नसते.

मग अशा मुलाला कायमचे हाकलून द्यावे का? इथे आम्हाला आमचाच एक अनुभव सांगावासा वाटतो. आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या कबड्डी संघाची निवड आम्ही काही वर्षे केली. एक चढाईपटू असा होता की तो मैदानात उतरला की समोरचे कोपरे आपोआप मागे सरत. पण तो रात्री घरी बायकोला मारी. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांपासून काय लपते? एका वर्षी आम्ही त्याला संघात घेतले नाही आणि कारण त्याच्या तोंडावर सांगितले. पहिल्याच फेरीत आमचा संघ हरला. पोरे आठवडाभर आमच्याशी बोलली नाहीत. त्याचे आम्हाला दुःख नव्हते. पण संघातून काढल्याने त्याच्या बायकोची एक रात्र तरी सुखाची गेली का? नाही. वस्तीतल्या पाच-सहा जाणत्या बायका रोज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसू लागल्या, बायकोच्या माहेरच्यांना बोलावून घेतले, त्याची दारू सुटावी म्हणून त्याला उपचारांना नेले, तेव्हा कुठे मारझोडीला आळा बसला. दोन वर्षांनी तो पुन्हा संघात आला. पण येण्याआधी आम्ही त्याला काही विचारले नाही. त्याच्या बायकोला विचारले.

एवढ्या अनुभवावरून आम्हाला इतके कळले की शिक्षा आणि सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीचे काम होत नाही. दुसरी संधी जरूर द्यावी, पण ती खेळाच्या मोसमाच्या घाईने देऊ नये. ज्याला इजा झाली त्या माणसाची सुरक्षितता आधी, गुन्हेगाराची सुधारणा त्यानंतर, आणि त्याची चढाई सर्वांत शेवटी. अमेरिकेतले श्रीमंत संघ हाच क्रम उलटा लावतात.

पण अमेरिकेला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुसरा ड्राफ्ट चालतो. मुलीसाठी स्थळे पाहण्याचा. मुलगा कायम नोकरीत आहे, स्वतःची खोली आहे, पगार चांगला आहे, 'जरा घेतो एवढेच', 'रागीट आहे पण मनाने चांगला आहे'. ही वाक्ये आपण प्रत्येकाने ऐकली आहेत. आणि उलट बाजूने, मुलगा निर्व्यसनी, शांत, पण बाप हमाली करतो किंवा आई धुणीभांडी करते, म्हणून नाही म्हटलेलेही ऐकले आहे. पगाराच्या वजनाने मारझोड हलकी होते आणि आईबापांच्या कामावरून लेकराचे शील ठरते. हाच तो तराजू, फक्त मैदान वेगळे.

तेव्हा भगिनींनो आणि बांधवांनो, या उन्हाळ्यात स्थळ पाहायला जाल तेव्हा पगाराची चिठ्ठी पाहण्याआधी दोन घरे शेजारी चौकशी करा. तो किती पळतो हे विचारू नका. घरात आई, बहीण, वहिनी त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलतात की दबून, तेवढे विचारा. आणि त्याच्या आईला ती काय काम करते हे विचाराल, तर ते तिच्या कष्टाचा मान ठेवण्यासाठी विचारा.